तुटलं कशावरनं, तेवढं तरी सांगा : मराठी रोमँटिक कॉमेडीवाल्यांना कोल्हापुरातून खुलं पत्र

मराठी रोमँटिक कॉमेडी लिहिणाऱ्या, दिग्दर्शित करणाऱ्या आणि त्यात पैसे घालणाऱ्या समस्त मंडळींना,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. सिनेमा काढणं माझं काम नव्हे. सिनेमाची तिकिटं फाडून देणं हे माझं काम होतं. एका टॉकीजच्या बुकिंगला २३ वर्षं बसलो. टॉकीजचं नाव लिहीत नाही. पडदा उतरलेल्या थिएटरचं नाव काढलं की मालकाच्या पोरांना वाटतं, म्हातारा जुनी बाकी मागायला आला.

पत्राला निमित्त असं. मागच्या महिन्यात आम्ही दोघं नवरा-बायको मल्टिप्लेक्सला गेलो. मुलानं मोबाइलवरच तिकिटं काढून दिली. खिडकी नाही, रांग नाही, त्यामुळं मला दारातच चुकल्यासारखं झालं. पॉपकॉर्नच्या एका टबाला जेवढे मोजले तेवढ्यात आमच्याकडं चौघांची मिसळ, वर जादा कट आणि पाव होतो. तरी म्हटलं, असू दे, मराठी पिक्चर आहे, जुळतं-तुटतं-जुळतं अशी गोष्ट आहे, बघू.

सिनेमा तुमच्यापैकीच कुणाचातरी आहे. नाव घेऊन कुणाचा धंदा बसवायची मला हौस नाही. त्यातलं जोडपं दोन तासांत तीनदा तुटलं. पहिल्यांदा त्यानं फोन सायलेंटवर ठेवला म्हणून. दुसऱ्यांदा इंटरव्हलला, त्याला लंडनची नोकरी लागली म्हणून. तिसऱ्यांदा त्यानं तिला कुणालातरी मिठी मारताना बघितलं म्हणून. तो तिचा मावसभाऊ निघाला, आणि हे आम्हाला दोघांना मिठीच्या आधीच कळलं होतं. प्रत्येक वेळी पाऊस, गिटार, दोघं वेगवेगळ्या खिडकीत. नंतर विमानतळावर जुळलं. दोघांपैकी कुणालाही कामाला जायची घाई कधी दिसली नाही, घरभाडं कोण भरतं ते कळलं नाही, आणि दोघांच्या आईबापांना दोन तासांत मिळून चार वाक्यं.

बायको मध्येच माझ्या कानाला लागली, "अहो, ह्यास्नी काय कामधंदा हाय का न्हाय?"

मी म्हटलं, बघ की गप.

ती म्हणाली, "बघालोय की. पण भांडाल्यात कशावरनं, ते सांगा की."

मला सांगता येईना. म्हणून तुम्हाला विचारतोय. कशावरनं भांडतात हो तुमची माणसं?

हे मी उगाच टीका करायची म्हणून विचारत नाही. जुळणाऱ्या-तुटणाऱ्या जोडप्याचा सिनेमा मला मनापासून आवडतो. एकदाच जुळून सुखानं नांदणाऱ्यांचं काय बघायचं? आणि एकदाच तुटलेल्यांचं बघवत नाही. पण ज्यांचं आज आहे, उद्या नाही, परवा पुन्हा आहे, त्यांच्यात करमणुकीचा साठा असतो. हा साठा मी डोळ्यांनी बघितलाय. म्हणजे खरं सांगायचं तर हातांनी.

बुकिंगची खिडकी कशी असते ते नव्या लोकांना सांगायला पाहिजे. जाळी, जाळीखाली लाकडात कापलेलं अर्धगोल भोक, एका वेळी एक हात आत येईल एवढं. माझी खुर्ची खाली आणि बल्ब डोक्यावर, त्यामुळं बाहेरचं तोंड मला दिसायचं नाही. दिसायचा हात. टेबलावर सीटांचा प्लॅन, त्यावर मी निळ्या पेन्सिलीनं फुली मारायचो, मागच्या बाजूला नंबर घालायचो, तिकीट फाडायचो, सुटे द्यायचो. माणूस संपला, पुढचा हात. वर्षं गेली तशी मला गावातली माणसं हातावरून कळायला लागली. गुजरीतल्या कारागिराचा हात वेगळा, तालमीतल्या पोराचा वेगळा, गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी पिळणाऱ्याचा तर अंधारातही ओळखू येईल.

त्यातली एक जोडी. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. त्याचा हात उद्यमनगरचा, म्हणजे कारखान्यातला. नखांच्या कडेनं काळं तेल मुरलेलं, अंगठ्याच्या बुडाला भाजल्याचा डाग, लेथवर गरम तुकडा उडाला की पडतो तसा. तिचं घड्याळ उजव्या हातात, आणि तेही डायल मनगटाच्या आतल्या बाजूला वळवलेलं. जुळलेलं असलं की त्याचा हात आत यायचा, दोन बोटं वर व्हायची. "दोन बाल्कनी." तिचा हात दिसायचाच नाही, पण मागून आवाज यायचा, "पंख्याखालची सांग."

आणि तुटलेलं असलं की? तोच शुक्रवार, तोच सहाचा खेळ. आधी त्याचा हात, एक बोट. मध्ये चार-पाच अनोळखी हात. मग घड्याळ. एक बाल्कनी.

पहिल्यांदा मला नवल वाटलं. तुटलंय तर एकाच खेळाला कशाला येतात? मग माझं मलाच हसू आलं. अहो, नवा पिक्चर गावात एकाच टॉकीजला लागायचा. त्यानं शुक्रवार सोडायचा की तिनं? दोघांपैकी कोण माघार घेणार? दोघंही कोल्हापूरचे. कुणीच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे मंडळी, आणि बाकीचं पत्र त्याचाच पसारा आहे. तुमची जोडपी तुटली की एक लंडनला जातं, दुसरं बंगळुरूला. संपलं की! मग त्यांना परत भेटवायला तुम्हाला योगायोग लागतो, कॉमन मित्राचं लग्न लागतं, विमानतळ लागतो. आमच्याकडं तुटल्यावर जायचं कुठं? संध्याकाळी पाय मोकळे करायचे तर रंकाळाच. तो चौपाटीकडून निघाला आणि ती शालिनी पॅलेसच्या बाजूनं, तरी संध्यामठाच्या आसपास गाठ पडणारच. तळं गोल आहे. महाद्वार रोडला चालायचं तर खांद्याला खांदा लागतो. तिचा मामा ह्याच्या काकाचा सोसायटीतला मेंबर. त्याच्या मित्राचं दुकान तिच्या बसस्टॉपसमोर. आमच्या गावात ब्रेकअप करणं सोपं आहे, पाळणं महाकठीण. आणि विनोद तिथंच आहे. एकमेकांना टाळायचा आटोकाट प्रयत्न करणारी दोन माणसं आणि त्यांना टाळू न देणारं गाव. ह्याहून वेगळी पटकथा कशाला पाहिजे?

कारणं पाहिजेत? माझ्या घरातलंच देतो. मी शिवाजी पेठेचा, बायको मंगळवार पेठेची. बाहेरच्यांना यात काय विशेष ते कळणार नाही. कोल्हापुरात फुटबॉलचा सीझन म्हणजे काय चीज आहे ते शाहू स्टेडियममध्ये येऊन बघा. वर्ल्ड कप कुठंही असो, मेस्सी आणि नेमारचे कटआउट आमच्या चौकात उभे राहतात, पण ती झाली हौस. खरी लढत पेठांची, तालमींची. आमचं लग्न ठरलं ते पावसाळ्यात. मैदानं बंद होती म्हणून ठरलं, असं माझा मेव्हणा अजून म्हणतो. साखरपुड्यानंतर सीझन सुरू झाला आणि एका मॅचमध्ये पेनल्टीवरून राडा झाला. ती पेनल्टी नव्हती असं मी सासऱ्यांच्या तोंडावर बोललो. झालं. तीन आठवडे निरोप बंद. शेवटी तिनंच पोस्टकार्ड धाडलं. त्यात एकच ओळ : पेनल्टी होती, पण लग्न आहे. ते कार्ड मी जपून ठेवलंय.

पुढं दरवर्षी तेच. सीझन लागला की आमच्यात तुटायचं, पाऊस लागला की जुळायचं. म्हणून आमच्या घरात एक माप आहे. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात हे कोल्हापुरातल्या पोरासोरांना माहीत असतं : ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर तर जुलै उजाडला की माणसं एकमेकांना नमस्कार करायच्या आधी पाणी किती ते विचारतात. आमचा मुलगा लहान होता तेव्हापासून आमचा अबोला याच मापावर मोजतो. शाळेतून आला की दप्तर टाकायच्या आधी स्वयंपाकघरात डोकावायचा. "आई, किती फूट?" कपबशी नुसतीच जोरात आदळली तर ३९. चहा माझ्यासमोर न ठेवता ओट्यावरच झाकून ठेवला, म्हणजे ४३ ओलांडली, आता माहेरी स्थलांतर.

हे तुम्ही फुकट घ्या. मानधन नको.

आणि जुळवायला विमानतळ कशाला? आपल्या पंचांगातच सोय करून ठेवलीय की. वर्षभर तोंड न बघितलेली माणसं संक्रांतीला तिळगूळ हातावर ठेवून 'गोड बोला' म्हणतात. दसऱ्याला दसरा चौकात सगळं गाव लोटतं, आपट्याची पानं कुणी पुढं केली तर नाही म्हणायची पद्धत नाही. म्हणजे ज्याच्याशी अबोला आहे तो समोर उभा आहे, हातात सोनं आहे, भोवती दोघांचे नातेवाईक आहेत. घ्यावं तर जुळलं, न घ्यावं तर चारचौघांत वाभाडे. ती घेते, पण घेताना म्हणते, "पानं वाळकी हाईत." मी दिग्दर्शक असतो तर इंटरव्हल तिथंच टाकला असता.

इंटरव्हलवरून आठवलं. तुम्ही सगळे न चुकता इंटरव्हलला तोडता. मला त्याचं गणित कळतं. प्रेक्षक समोशाला उठला तरी परत यायला पाहिजे. पण २३ वर्षं मी बुकिंगमधून उठून इंटरव्हलला दारात उभा राहायचो, माणसांचं बोलणं ऐकायचो. तोडून बाहेर पाठवलेला प्रेक्षक काळजी करत नाही, त्याला माहीत असतं की शेवटी जुळणार आहे. तो समोसा खाताना सासूचं बोलतो. पण जोडपं चुकीच्या वेळी, अडचणीच्या जागी जुळवून इंटरव्हल केलात तर तो दारातच उभा राहून वाद घालतो. "आता ह्यांचं काय हुतंय बघ" हे वाक्य मी जुळलेल्या इंटरव्हललाच ऐकलंय.

तुम्ही म्हणाल, कोल्हापूर आणि रोमँटिक कॉमेडी? तिथं तालीम, तांबडी माती, तांबडा-पांढरा, पाटलाचा वाडा. मान्य आहे, चित्रनगरीत मालिकांच्या निमित्तानं हेच येतं. पण जरा मागं जाऊ. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी इथंच उभारली. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे, तो उगाच नाही. प्रभात फिल्म कंपनी इथंच १९२९ ला निघाली, १९३३ ला पुण्याला गेली. हे सगळे सांगतात. त्यानंतरचं मात्र फारसं कुणी सांगत नाही. १९३६ ला मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि कॅमेरामन पांडुरंग नाईक यांनी हंस पिक्चर्स काढली, इथंच, कोल्हापुरात. आणि १९३८ ला त्यांचा 'ब्रह्मचारी' आला, आचार्य अत्र्यांनी लिहिलेला. गोष्ट काय? एक साधा तरुण ब्रह्मचर्यावरचं भाषण ऐकून भारावतो, घरातली नट्यांची चित्रं काढून टाकतो, आजन्म ब्रह्मचारी राहायची शपथ घेतो, आणि मग नायिका येते. मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात 'यमुनाजळी' म्हणत पाण्यात उतरल्या, त्यावरून केवढा गदारोळ झाला ते आमच्या आजोबांची पिढी मिटक्या मारत सांगायची.

पोहण्याच्या पोशाखाचं सगळ्यांना आठवतं. पण शपथेकडं बघा. मोडायला काहीतरी घट्ट लागतं. त्या माणसानं चारचौघांत शपथ घेतलीय, म्हणून तिच्याकडं एक पाऊल टाकलं की हसू येतं आणि एक पाऊल मागं घेतलं की आणखी येतं. तुमच्या नायकानं सायलेंटवर ठेवलेल्या फोनपेक्षा ही शपथ वजनाला किती भारी आहे! आणि ही कॉमेडी कोल्हापुरात झाली, ८५ वर्षांहून जास्त झाली. तेव्हा आमच्याकडं कुस्ती नव्हती का? होतीच की. खासबाग मैदान त्याच्या कितीतरी आधीचं.

'ब्रह्मचारी'च्या आदल्याच वर्षी, १९३७ ला, अमेरिकेत 'द ऑफुल ट्रूथ' नावाचा एक सिनेमा आला. मी तो फार उशिरा, एका फिल्म सोसायटीच्या खेळाला बघितला; माझ्या शेजारचा कॉलेजचा पोरगा पहिल्या दहा मिनिटांत झोपला आणि नंतर उठून पोट धरून हसला. त्यातलं जोडपं कोर्टात जाऊन काडीमोड घेतं, पण तो पक्का व्हायला ९० दिवस असतात. तोवर त्यांचा कुत्रा कुणाकडं राहणार यावरून भांडण. बापाला मुलाला भेटायची मुभा असते तशी ह्याला कुत्र्याला भेटायची मुभा. म्हणजे तुटूनही दारात यायला निमित्त शिल्लक. ९० दिवसांचं घड्याळ टिकटिक करतंय आणि दोघं एकमेकांची नवी स्थळं मोडतायत. पटकथेला घड्याळ लागतं ते असं.

आपल्याकडं असं घड्याळ नाही का? आहे, आणि आमच्या पेठेतला कुठलाही वकील तुम्हाला ते चहावर सांगेल. हिंदू विवाह कायद्याचं कलम १३-ब, परस्पर संमतीचा घटस्फोट. वर्षभर वेगळं राहिलेलं असायला हवं, मग दोघांनी मिळून अर्ज करायचा, आणि अर्जानंतर सहा महिने थांबायचं. सहा महिन्यांनी पुन्हा दोघांनी येऊन सांगायचं, होय, अजून पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ ला सांगितलं की समेटाची आशाच उरली नसेल तर न्यायाधीश ही मुदत माफ करू शकतात. म्हणजे बघा, 'आम्हाला मुदत माफ करा, आमचं जुळायची काहीच शक्यता नाही' असं पटवून द्यायला दोघांनी एकत्र बसून, एकमताने, छान तयारी करून कोर्टात जायचं. ती तयारी करताना दोघं वकिलाच्या जिन्यात एकच वडापाव वाटून खातात. हा सीन मी डोळ्यांसमोर बघतोय आणि तुम्ही लंडनची नोकरी लावताय.

आणि कज्जा लढवून घटस्फोट झाला, हरलेल्यानं हायकोर्टात अपील केलं, तर परवापरवापर्यंत मुंबई गाठावी लागायची. कोल्हापूरहून मुंबईची तारीख म्हणजे रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस. वादी-प्रतिवादी दोघं एकाच गाडीत, नशीब फिरलं तर एकाच डब्यात, वरचा आणि खालचा बर्थ. ती डबा उघडते, वर वास जातो. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झालं, अनेक वर्षांच्या मागणीनंतर, आणि आम्हाला त्याचा आनंदच आहे. पण त्या बर्थचा सीन मात्र आता जुना काळ म्हणून लिहावा लागेल. लवकर लिहा, अजून आठवणारी माणसं आहेत.

रेल्वेवरून आणखी एक. तुमच्या शेवटच्या धावाधावीसाठी कोल्हापूर स्टेशन फार उपयोगाचं आहे. इथं रूळ संपतात. कोकणात उतरणारा वैभववाडीचा मार्ग आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकतोय, गाडी काही पुढं जात नाही. म्हणजे कोल्हापुरातून निघालेली कुठलीही गाडी आधी मिरजेलाच जाणार. नायक प्लॅटफॉर्मवर पोचेपर्यंत गाडी सुटली तर छाती फुटेस्तोवर पळायची गरज नाही. त्यानं गाडी काढायची, सांगली रस्ता धरायचा आणि हातकणंगले, जयसिंगपूर, मिरज असं तिला पुढं गाठत जायचं. एकदा पोचला तर डबा चुकला, दुसऱ्यांदा पोचला तर ती झोपलेली, तिसऱ्यांदा मिरजेला पोचला तर तीच खाली उतरून उलटी कोल्हापूरला निघालेली. प्रेक्षक उठून शिट्ट्या मारेल.

आता भाषेचं. यावर मला थोडा राग आहे, तो काढून घेतो.

तुमच्या सिनेमात आमची भाषा कोण बोलतं? गुंड बोलतो, पैलवान बोलतो, नायकाचा जाडा मित्र बोलतो, मोलकरीण बोलते. प्रेम करायची वेळ आली की माणसं पुण्याची होतात. नायिका कोल्हापूरची दाखवली तरी तोंडी भाषा डेक्कनची, आणि मध्येच एकदा 'नाद खुळा' म्हणवून घेतलं की तुमचं काम झालं. मंडळी, कोल्हापूरची पोरगी कशी बोलते ते ऐकलंय का कधी? ती 'मी येते' म्हणत नाही, 'मी येतो' म्हणते. 'मी जेवलो', 'मी चाललो', 'मी कराय लागलोय'. माझी बायको लग्नाला इतकी वर्षं झाली तरी रागानं 'मी चाललो माहेरला' असंच म्हणते, आणि पुण्याची माझी भावजय पहिल्यांदा ते ऐकून 'कोण चाललं?' म्हणून दारात बघायला गेली होती. ज्या बोलीत बाई 'मी चाललो' म्हणून उंबऱ्यात उभी राहते आणि जात नाही, त्या बोलीत तुम्हाला रोमँटिक कॉमेडी सापडत नाही?

शिवाय आमच्याकडं 'आय लव्ह यू' म्हणायची फार अडचण आहे. म्हटलं तर समोरचा विचारतो, काय झालं, ताप आला काय? प्रेम असलं की 'जेवलाईस का' विचारतात, आणि रागावलं असलं की तेच 'जेवलाईस का' वेगळ्या सुरात. लिहिणाऱ्याला हा सूर कागदावर उतरवणं अवघड जाईल, कबूल. पण नटाला द्या, तो काढेल. आमच्या मातीतले नट काय कमी आहेत?

असो. राग संपला. हातांकडं परत येतो, कारण गोष्ट अर्धी राहिली.

त्या दोघांचं मधलं एक तुटणं लांबलं. दोन महिने तरी, आठ-नऊ शुक्रवार, एक-एक बोट. मला करमेना. एका शुक्रवारी पिक्चर पडेल होता, बाल्कनीत जेमतेम ४० माणसं. त्याचा हात आला, मी त्याला एफ ११ दिली. तीन हातांनंतर घड्याळ आलं. मी जाणून-बुजून एफ १२ वर फुली मारली. नोकरीत केलेली ही माझी एकमेव लबाडी, बाकी डीसीआर, म्हणजे रोजच्या तिकिटविक्रीचा हिशेब, तपासून बघा.

पाच मिनिटांत घड्याळ परत खिडकीत. तिकीट आत भिरकावलं.

"ओ काका, शेजारी कोण बसलंय बघितलंईसा काय?"

मी म्हटलं, "बाई, मला हातच तेवढा दिसतोय."

"मग हात बघून द्यायची व्हती की!"

माझी बोलती बंद. म्हणजे तिला माहीत होतं की मला माहीत होतं. मी हाऊसफुल्ल आहे म्हणालो. ती म्हणाली, आत कुत्रं न्हाई, खोटं बोलू नगासा. मग मी तिला जी ११ दिली. त्याच्या बरोबर मागची. डोअरकीपर आमचा मिस्कील, तो टॉर्च घेऊन मुद्दाम तिथंच घुटमळत होता. त्यानं मला नंतर सांगितलं, पहिला अर्धा तास दोघं पुतळे. मग गाणं लागलं आणि मागून आवाज आला, "डोकं खाली कर, दिसंना मला." त्यानं केलं. थोड्या वेळानं पुन्हा, "आणि खाली." तो खुर्चीत घसरत घसरत जवळजवळ जमिनीला टेकला. इंटरव्हलनंतर एफ ११ रिकामी होती आणि जी १० वर माणूस होता.

पुढच्या शुक्रवारी दोन बोटं.

त्यानंतर तीन-चारदा तुटलं-जुळलं असेल. मग वर्षभर कुणीच आलं नाही. टॉकीजचंही उतरतं चाललं होतं, रात्री नऊचा खेळ बंद केला होता. एका शुक्रवारी, लग्नसराईचे दिवस, एक हात आत आला. कोपरापर्यंत हिरवा चुडा, मेंदी अजून तांबडी. घड्याळ नाही. पण उजव्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याएवढी फिकट रेघ.

"दोन बाल्कनी. पंख्याखालची द्या."

मी प्लॅनवर पेन्सिल टेकवली आणि थांबलो. दुसरा हात कुणाचा? आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीतून उठून मी जाळीला नाक लावलं. तोवर मागची रांग ओरडायला लागली, "ओ तात्या, तिकीट द्या की, न्यूज रील सुरू झाली!" चुडा गेला. मला गर्दीत एक पांढरा शर्ट दिसला, पाठमोरा. डोअरकीपर त्या दिवशी रजेवर.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तोच असणार. मी म्हटलं, कशावरनं? तिनं विचारलं, पैसे कुणी दिले? चुड्यानं दिले. नोट कसली होती? विसाची, मळकी. मळकी म्हणजे कशी? मी आठवून सांगितलं, कडेला अंगठ्याएवढा काळा डाग होता, तेलकट. मग काय तर, ती म्हणाली, त्याच्याच खिशातली की.

मी म्हटलं, कोल्हापुरात दर तिसरी नोट उद्यमनगरातनं फिरून येते.

यावर आमचा वाद तेव्हापासून आहे. तुमचा पिक्चर बघून आल्यावर तो पुन्हा निघाला, आणि या वेळी जरा जास्तच लांबला. हे पत्र स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून लिहितोय. मुलाचा आत्ताच फोन येऊन गेला, किती फूट म्हणून विचारत होता. चहा ओट्यावर आहे, पण झाकलेला नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक जुना बुकिंग क्लार्क
शिवाजी पेठ, कोल्हापूर